श्री यायच्या आधी

“शुभकार्यात काळं कशाला रे? तेही नवरीच्या पायाशी?”

प्रमिलाकाकू स्टेजवर उभ्या राहून माझ्या घड्याळाकडे बघत होत्या. घड्याळ म्हणजे एक छोटा टीव्ही. स्टेजच्या पुढच्या काठावर, आत तोंड करून, मी तो जमिनीवर तिरका टेकवला होता. काळा पडदा, त्यावर पांढरे आकडे. जगभर हे घड्याळ असंच असतं, हे सांगायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. मुलीचं लग्न उद्यावर आलेल्या बाईला जगभरचं काय सांगायचं?

“रंग बदलता येतो, काकू.”

“मग हळदीचा कर.”

हळदीचा केला. आकडे कुंकवाचे केले. काकूंचं समाधान झालं, तोवर आठल्येगुरुजी गुडघ्यांवर हात ठेवून वाकले आणि उलटे पळणारे आकडे बघत राहिले.

“आणि हे शून्यावर येणार?”

“हो गुरुजी. शून्य आलं की तुम्ही सुरू करायचं.”

“शून्यावर? अरे, आहेराच्या पाकिटातसुद्धा आपण वर एक रुपया ठेवतो, शेवटी शून्य राहू नये म्हणून. आणि मला तू शून्यावर तोंड उघडायला सांगतोस?”

“शून्याच्या जागी अक्षर आणता येतं. श्री आणू?”

“आण. श्री आलं की माझं तोंड उघडेल, त्याआधी नाही. मुहूर्ताच्या वेळी मी कुणाच्या बापाचं ऐकत नाही. पण तुझ्या घड्याळाचं ऐकेन.”

ही कऱ्हाडातली गोष्ट. तिला आता बारा-तेरा वर्षं झाली. समारंभांत मोठ्या पडद्यावर व्हिडिओ दाखवायचं काम मी तेव्हाही करत होतो. सत्कार, संमेलनं, बँकांचे वर्धापनदिन, आणि नुकतीच कुठे लग्नं. व्हिडिओ संपत आला की निवेदकाला कळावं म्हणून मी विंगेत उभा राहून हाताची बोटं एकेक मिटत जायचो. मूठ झाली की त्याने बोलायला लागायचं. आमच्याकडे सगळे असंच करत आणि त्यात कुणाचं काही अडत नव्हतं. मंजिरीच्या लग्नात मात्र बोटांवर भागणार नव्हतं, म्हणून हे घड्याळाचं सॉफ्टवेअर मी पहिल्यांदाच बसवत होतो.

एका लॅपटॉपवर व्हिडिओ, दुसऱ्यावर घड्याळ, मध्ये एक वायर. व्हिडिओवाल्याने दर क्षणाला ‘माझं एवढं उरलं’ म्हणून सांगायचं आणि घड्याळवाल्याने ते ठळक आकड्यांत दाखवायचं. ऐकायला दोन शेजाऱ्यांचं बोलणं, पण सकाळपासून दोघांत अबोला होता. घड्याळावर नुसत्या आडव्या रेघा. मी वायर बदलली, दोन्ही मशीन बंद-चालू केली, नवसही बोललो असतो. शेवटी कळलं की घड्याळाच्या लॅपटॉपमधली फायरवॉल बाहेरच्या कुणालाच दारात उभं करत नव्हती. हा घरचाच माणूस आहे, येऊ दे, असं तिला सांगितल्यावर आकडे धावायला लागले. हॉलमध्ये झेंडूच्या माळा बांधणाऱ्या बायकांनी उगाचच टाळ्या वाजवल्या आणि मीही उगाचच मान तुकवली.

एवढा खटाटोप मुकुंदकाकांसाठी होता.

मुकुंदकाका खटावकर म्हणजे मंजिरीचे वडील. नोकरीची सगळी वर्षं एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून गेली. कऱ्हाडातून ज्याने कधी गाडी पकडली असेल त्याच्या कानात तो आवाज असणारच. “विटामार्गे आटपाडीला जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर लागली आहे.” साध्या वाक्यात ते असा काही सूर लावायचे की आटपाडीला काही काम नसलेल्या माणसालाही जाऊन यावंसं वाटावं. ड्युटी नसेल त्या दिवशी हाच आवाज कुणाच्या ना कुणाच्या लग्नात. गावात मुलीचं लग्न ठरलं की आधी हॉल, मग आचारी, मग मुकुंदकाका. त्यांनी स्वतः एक मंगलाष्टक रचलं होतं. सगळ्या लग्नांत तेच म्हणायचे, फक्त चौथ्या ओळीत नवरा-नवरीची नावं बदलायची. नाव त्या चालीत बसेना तर दामटून बसवायचे. माझ्या बायकोचं नाव प्राजक्ता. आमच्या लग्नात त्यांनी तिची गाता गाता ‘पारिजा’ करून टाकली आणि तिचं माहेर अजून मला विचारतं, ही पारिजा कोण?

पण आदल्या वर्षी दिवाळीत काकांना झटका आला. उजवा हात, उजवा पाय गेला आणि भाषा गेली. आवाज होता, समजत सगळं होतं, पण तोंडातून शब्द एकच यायचा. “लागली.” चहा हवा असला तरी लागली, नको असला तरी लागली. राग आला की “लागली! लागली!” मंजिरी ही त्यांची एकुलती एक लेक. तिला त्यांनी तेव्हापासून एकदाही नावाने हाक मारली नव्हती.

“दिगूदादा, मला दुसरं काही नको,” महिन्याभरापूर्वी ती माझ्याकडे येऊन म्हणाली होती. “गावातल्या सगळ्या पोरींना बाबांनी म्हटलं. माझ्या लग्नात त्यांचाच आवाज पाहिजे.”

ज्या व्हिडिओत आवाज स्वच्छ होता असा एकच सापडला. काकांची पुतणी केतकी, तिच्या लग्नातला. काका झब्ब्यात उभे, डोळे अर्धे मिटलेले.

आली मंगल वेळ आज, जमली दोन्ही घरे अंगणी
माता रोखुन आसवे उभि असे, हासे पिता लोचनी
जाशी दूर तरी तुझ्याच करिता दारी दिवा लाविला

आणि चौथी ओळ: नांदो केतकि ही निनादसह हो, कुर्यात् सदा मंगलम्.

मंजिरीच्या लग्नात केतकीला नांदवून कसं चालेल? चौथी ओळ मी कापली. तिच्या जागी काकांचं एक स्थिर चित्र ठेवलं, चांगलं दोन ओळींच्या वेळेचं, मान किंचित कललेली, हसरं. ते पडद्यावर असेपर्यंत चौथी ओळ गुरुजींनी मंजिरीच्या नावाने स्टेजवरून म्हणायची आणि मग ‘तदेव लग्नं’ घेऊन मुहूर्त साधायचा, असं ठरलं. अडचण एवढीच की पडदा गुरुजींच्या पाठीशी. काकांचा आवाज थांबल्यावर सुरू करावं तर मध्ये भोक पडतं, आणि मंगलाष्टकांत भोक पडलेलं गुरुजींना खपत नाही. एकाचं सावधान विरायच्या आत दुसऱ्याने उचललं पाहिजे. म्हणून घड्याळ.

घड्याळ मोजायचं ते व्हिडिओ पूर्ण संपेपर्यंत, म्हणजे ते स्थिर चित्रही धरून. पण सेटिंगमध्ये एक चौकोन होता. त्यात आकडा भरला की शेवट तेवढा अलीकडे यायचा. ते चित्र जेवढा वेळ राहणार होतं तेवढा आकडा मी त्यात भरला. आता तिसरी ओळ संपता क्षणी श्री उमटणार होतं.

“घ्या, करून बघू,” मी माइकवरून म्हणालो. माझं टेबल हॉलच्या मागच्या टोकाला होतं. शेजारी कॅमेरा, तो स्टेजकडे लावलेला, आणि त्याचं चित्र माझ्यासमोरच्या छोट्या पडद्यावर.

काकांची खुर्ची स्टेजवर नवरीच्या बाजूला ठेवली होती. मागचा मोठा पडदा दिसावा म्हणून काकूंनी ती अर्धी वळवली. मंजिरी पाटावर उभी राहिली. नवऱ्याच्या जागी माळा बांधणाऱ्यांतल्या एका बाईंना उभं केलं, त्या लाजून लाल झाल्या.

व्हिडिओ सुरू झाला. काकांचा जुना आवाज हॉलभर पसरला आणि झेंडू ओवणारे हात थांबले. खुर्चीतले काका आधी एकदम ताठ झाले. मग त्यांचा डावा हात खुर्चीच्या दांड्यावर ताल धरायला लागला. पहिली ओळ, दुसरी, तिसरी. घड्याळावर श्री उमटलं, गुरुजींनी खणखणीत आवाजात “नांदो मंजिरि ही” सुरू केलं, आणि काकांची मूठ दांड्यावर आदळली.

“लागली! लागली!”

गुरुजी थांबले. काकू धावल्या, पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला.

“काय झालं? दुखतंय का? नको वाटतंय का बघायला?”

“लागली,” काका मान हलवत म्हणाले. त्यांनी डाव्या हाताने खुर्ची ढकलल्यासारखं केलं. मंजिरीला वाटलं त्यांना उठायचंय. शेवटी लक्षात आलं की खुर्ची वळवून हवी होती. मागच्या पडद्याकडे पाठ, समोर घड्याळ.

“स्वतःला नाही बघायचं तुम्हाला? आकडे बघायचेत?” काकू म्हणाल्या. “स्टँड काही सुटत नाही बाई यांचा.”

मंजिरी हसली आणि त्यांच्यासमोर उकिडवी बसली. “बाबा, मी कोण? म्हणा. मं... मं...”

काकूही वाकल्या. “म्हणा ना. मंजिरी. सोपं आहे. मं...”

माळावाल्या बाईही पुढे झाल्या. गुरुजीसुद्धा ओठ मं-वर ठेवून उभे. काकांनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि चेहरा भिंतीकडे वळवला. शाळेत फळ्यापाशी उभं केलेल्या मुलासारखी त्यांची मान खाली गेली होती. वर्षभर हे असंच चाललं असणार. येणारा-जाणारा प्रत्येकजण परीक्षा घेऊन जात असणार. मला ते बघवेना, म्हणून मी माइकवरून मोठ्याने म्हणालो, “पुन्हा करू या का? मुहूर्त काय थांबतोय?”

दुसऱ्यांदा तेच झालं. तीन ओळी काका शांत. हात तालावर, डोळे घड्याळावर. गुरुजी बोलले की आदळआपट.

तिसऱ्यांदा मी कॅमेरा त्यांच्या चेहऱ्यावर नेला. कुठे काही दुखत असेल तर दिसेल म्हणून. छोट्या पडद्यावर त्यांचा चेहरा मोठा झाला, एका बाजूला उतरलेला ओठ, बारीक केलेले डोळे. आकडे सरत आले तशी त्यांची छाती हळूहळू भरत गेली. श्री उमटलं आणि त्यांचं तोंड उघडलं. गुरुजींच्या आधी, किंचितच आधी. मग गुरुजींचा आवाज आला, काकांचं तोंड मिटलं आणि मूठ आदळली.

“पुरे,” काकू म्हणाल्या. “त्यांना त्रास होतोय. उद्या पाहुण्यांसमोर असं झालं तर? आपला तो आवाज आता नाही, हे त्यांना सगळ्या गावासमोर दाखवायचं का? व्हिडिओच्या वेळी मी त्यांना आतल्या खोलीत नेईन.”

“आई, बाबा खोलीत आणि बाबांचा व्हिडिओ स्टेजवर?” मंजिरी म्हणाली. “ते काय गेलेत?”

“अगं, शुभ बोल!”

“मग खोलीत नाही न्यायचं. बाबा स्टेजवर नसतील तर व्हिडिओ नको. गुरुजींनी काय ते म्हणावं, मी डोळे मिटून उभी राहीन.”

दोघी रडायच्या बेतात. काका भिंतीकडेच बघत होते. मी माझं टेबल सोडून स्टेजपाशी गेलो.

“काकू, उद्या काका शांत बसतील. माझ्यावर सोडा.”

“तू काय करणार?”

“घड्याळात थोडं काम आहे.”

“घड्याळाचा आणि त्यांचा काय संबंध?”

याला माझ्याकडे उत्तर होतं, पण द्यायचं नव्हतं. दिलं असतं तर त्या दोघी पुन्हा काकांसमोर बसल्या असत्या आणि पुन्हा मं-मं सुरू झालं असतं. मी म्हणालो, “उद्या काही बिनसलं तर तुमच्या दारात पाऊल टाकणार नाही.”

गुरुजींनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “दिगंबर, मुहूर्त बारा बत्तीसचा आहे. खेळ नाही.”

“तुम्हाला हाताशी थोडा वेळ मिळेल असं बघतो. व्हिडिओ जरा आधी सुरू करतो.”

“कशासाठी?”

“असू दे, हाताशी.”

सामान आवरताना मी काकांच्या खुर्चीजवळ वायर गुंडाळायच्या निमित्ताने बसलो आणि हळूच म्हणालो, “काका, उद्या घड्याळात श्री उशिरा येईल. तिसरी ओळ संपली तरी आकडे चालूच राहतील.” त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग डाव्या हाताने माझं मनगट धरून दाबलं. “लागली,” ते म्हणाले, पण कुजबुजत.

दुसऱ्या दिवशी सकाळी, सनईवाले चहा पीत होते तेव्हा मी घड्याळाच्या सेटिंगमधल्या त्या चौकोनात गेलो आणि भरलेला आकडा पुसून टाकला. एवढंच. उपम्याची बशी तशीच राहिली.

हॉल भरला. मुकुंद खटावकरांच्या मुलीचं लग्न म्हणून स्टँडचे सगळे जुने चालक-वाहक इस्त्रीच्या शर्टांत आले होते. मामांनी मंजिरीला आणलं, अंतरपाट धरला, मुठीमुठीत अक्षता गेल्या. नात्यातल्या बायका-पुरुषांनी कागद बघून आपापली मंगलाष्टकं म्हणून घेतली. एका मावशींनी दोन म्हटली, तिसऱ्याला गुरुजींनी त्यांच्या हातातला माइकच काढून घेतला. मग त्यांनी माझ्याकडे मान हलवली आणि मी व्हिडिओ सोडला.

आली मंगल वेळ आज.

वर्षभर गावाने तो आवाज ऐकला नव्हता. पुढच्या रांगेतल्या एका वाहकाने टोपी काढून हातात घेतली. काकू पदराचा बोळा तोंडाशी धरून काकांच्या खुर्चीमागे उभ्या होत्या, कधीही त्यांना आत न्यावं लागेल अशा तयारीत. काकांचा डावा हात दांड्यावर ताल देत होता. त्यांचे डोळे घड्याळावर, माझे त्यांच्यावर. गुरुजी हात जोडून घड्याळाकडे बघत उभे.

तिसरी ओळ संपली. दारी दिवा लाविला. जुना आवाज थांबला. मोठ्या पडद्यावर काकांचं हसरं चित्र थिजलं.

घड्याळावर श्री आलं नाही. आकडे चालूच होते.

तेवढ्या शांततेत कुठेतरी एक मूल रडलं. कुणीतरी खाकरलं. अक्षता घेऊन उचललेले हात हवेतच राहिले. मंगलाष्टकांत भोक पडलं होतं आणि ते मी पाडलं होतं. माझ्या हाताखाली बटण होतं. दाबलं असतं तर काकांचा आताचा चेहरा मोठ्या पडद्यावर गेला असता, सगळ्या गावाला दिसला असता. मी बटणावरून बोट काढून घेतलं. गुरुजींचे ओठ हलले आणि मिटले. काकूंनी खुर्चीच्या पाठीला हात घातला.

“नांदो,” काका म्हणाले.

म्हणाले नाहीत, गायले. आवाज घोगरा, एका बाजूने वारा निसटत असलेला, पण सूर तोच, जिथे व्हिडिओने सोडला होता तिथेच. “नांदो मंजिरि ही...”

अंतरपाटामागे मंजिरीचा हात तोंडावर गेला, मुठीतल्या अक्षता पाटावर सांडल्या.

पुढे जावयाचं नाव होतं. सुमेध. सोयरीक झटक्यानंतर जमली होती, त्यामुळे ते नाव काकांच्या तोंडात कधी आलेलंच नव्हतं. काकांनी सूर धरून ठेवला, “ही... ही...”, डावा हात ताल देत राहिला, पण शब्द येईना. त्यांची नजर घड्याळावरून उडून गुरुजींकडे गेली. घड्याळावर अजून श्री नव्हतं.

गुरुजींनी त्याच सुरात, त्याच तालावर उचललं. “सुमेधसह हो, कुर्यात् सदा मंगलम्!” आणि शेवटच्या ‘मंगलम्’ला काकांचा आवाज पुन्हा येऊन मिळाला, शब्द नव्हते, नुसता सूर. “शुभ मंगल सावधान!” गुरुजींनी म्हटलं तेव्हा हॉलमधल्या निम्म्या माणसांना अक्षता टाकायचं भान नव्हतं. त्यानंतर कुठे घड्याळावर श्री उमटलं. मी तोंडावर रुमाल धरून टेबलाखाली वाकलो होतो, काहीतरी पडल्यासारखं करून.

गुरुजींनी ‘तदेव लग्नं’ मुहूर्ताला बरोबर नेऊन पोचवलं. अंतरपाट निघाला, वाजंत्री वाजली. हार घालताना सुमेधने मान खाली वाकवून मंजिरीला मदत केली.

पंगतीत गुरुजी माझ्या शेजारी बसले. मठ्ठ्याचा घोट घेऊन म्हणाले, “श्री उशिरा आलं.”

“हो.”

“आवाज थांबला तेव्हाच मला कळलं, घड्याळ लबाडी करतंय.”

“मग बोलला नाहीत कसे?”

“बोलणारच होतो. पण मुकुंदरावांनी श्वास घेतलेला ऐकू आला. म्हणणारा माणूस श्वास घेतो तो वेगळा असतो. काल माझ्याच आवाजात मला तो ऐकू आला नव्हता.” त्यांनी जिलबीचा तुकडा मोडला. “मग मात्र श्री यायच्या आधी तोंड उघडावं लागलं मला. शब्द मोडला.”

“घड्याळाला नाही राग आला.”

“त्याला सांग, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.”

दुपारी उन्हं उतरल्यावर पाठवणी निघाली. काकांची खुर्ची हॉलच्या दारात आणून ठेवली होती. फुलांनी सजवलेली गाडी पायऱ्यांशी येऊन उभी राहिली. काकांनी ती पाहिली, मान वळवली आणि स्पष्ट म्हणाले, “लागली.” वर्षभरात पहिल्यांदा तो शब्द बरोबर जागी पडला होता. चालक-वाहक मंडळी खो खो हसली, काकूही रडता रडता हसल्या.

मंजिरी त्यांच्या पायाशी बसली. मुहूर्तापासून तिला मनातून काय म्हणायचं होतं ते मला दिसत होतं. बाबा, परत म्हणा. आता काकू म्हणणार, हो हो, म्हणा ना, आणि सगळे गोळा होणार, याची मला धास्ती वाटली.

ती तसं काही म्हणाली नाही. तिने त्यांचा डावा हात हातात घेतला, त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि अगदी हळू, त्यांच्याच चालीत गायली, “जाशी दूर तरी तुझ्याच करिता दारी दिवा लाविला...”

आणि थांबली. त्यांच्याकडे बघितलंही नाही. खाली त्यांच्या चपलांकडे बघत, पुढचं आपलं नव्हेच अशी, ती नुसती थांबून राहिली.

काकांनी श्वास घेतला.